गाडीतली बाई कन्नड बोलू लागली

सासूबाईंना मिक्सर हवा होता आणि आमच्या घरी आली गाडीतली बाई.

नवऱ्याच्या कंपनीत खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की चिठ्ठ्या काढून बक्षिसं वाटायची पद्धत होती. त्या वर्षी बक्षिसांत मिक्सर आहे हे कळल्यापासून सासूबाई देवापुढे जरा जास्त वेळ बसत होत्या. नवऱ्याच्या नावाची चिठ्ठी निघाली खरी, पण मिक्सर आधीच्याच चिठ्ठीला गेला होता. यांच्या वाट्याला आला तळहाताएवढा काळा चपटा डबा, एक वायर आणि काचेला चिकटवायचं रबरी बूड. सासूबाईंनी तो डबा उलटसुलट करून पाहिला.

"ह्याच्यात शेंगदाण्याचं कूट होतं का?"

"आई, हे गाडीत लावायचं. रस्ता सांगतं."

"का? रस्ता सांगायची माणसं संपली का गावातली?"

आज रस्ता दाखवणारा नकाशा ज्याच्या त्याच्या फोनमध्ये असतो. तेव्हा माझ्या फोनवर बोलता यायचं आणि सापाचा खेळ खेळता यायचा. त्यामुळे आमच्या जुन्या छोट्या गाडीच्या काचेला तो डबा चिकटला, त्यातून एक बाई हिंदीत बोलू लागली, आणि मुकुंदवाडीच्या आमच्या गल्लीत पंधरा दिवस तरी आमचा मान वाढला. दुपारच्या उन्हात रबरी बूड सुटून बाई माझ्या मांडीवर पडायची, तेवढं सोडलं तर तिची काही तक्रार नव्हती.

तक्रार होती ती माझी. बाई म्हणायची "दाएँ मुड़ें", आणि मी गाडी डावीकडे घ्यायची. माझं शिक्षण सगळं मराठीतून, कन्नडला झालेलं. दाएँ म्हटलं की माझ्या हाताला डावंच ऐकू यायचं. हिंदीत दाएँ म्हणजे उजवं हे मला परीक्षेत लिहिता आलं असतं, पण चौकात मागून रिक्षावाला हॉर्न देत असताना परीक्षेतलं काही आठवत नाही. ती "बाएँ" म्हणाली की मात्र मला वाटायचं, मलाच हाक मारतेय. आमच्याकडे कुणाही बाईमाणसाला बाईच म्हणतात.

कन्नड म्हणजे आमच्या तालुक्याचं गाव. घाटाच्या अलीकडे, साखर कारखान्याचं, आठवडी बाजाराचं. आमची वस्ती तिथून थोडी लांब, पण बाहेर कुणी विचारलं तर आम्ही कन्नडच सांगतो. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, वस्तीवरून कन्नडला काळी-पिवळी जीप चालवायचे. पुढच्या सीटवर चालकाशेजारी तिघं-चौघं कोंबायची तेव्हा रीतच होती. पण माझी कॉलेजची परीक्षा असली की नाना पुढे कुणाला बसू द्यायचे नाहीत.

"मागं सरका. पोरगी वाचती."

"कलेक्टर व्हणार का काय?" मागून कुणी तरी टपाला लटकून विचारायचं.

"व्हईल नाय तं नाय व्हणार. तू मागं सरक."

मी कलेक्टर झाले नाही. बी.कॉम. झाले, शहरात विमा कार्यालयात कारकून झाले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, आणि त्या पदवीत निम्मा वाटा जीपच्या पुढच्या सीटचा आहे, असं मी आजही मानते. गाडी चालवायलाही नानांनीच शिकवलं, बाजार नसेल त्या दिवशी बाजाराच्या मैदानात.

माझ्यानंतर धाकटी बहीण शिकली. बी.एस्सी. केलं, मग बी.एड. ती माझ्यापेक्षा हुशार. पण बी.एड. होऊन वर्ष उलटलं तरी तिला शाळा मिळेना. दोन ठिकाणी निवडीसाठी वर्गावर पाठ घेऊन झाला, दोन्हीकडे "कळवतो" म्हणाले आणि कळवलं नाही. इकडे नात्यातलं एक स्थळ तिच्यासाठी दारात येऊन बसलं होतं. मुलगा वाईट नव्हता. पण पाहुण्यांचं म्हणणं होतं की सून घरात राहील, नोकरीचं नंतर बघू. बहीण म्हणायची, आधी शाळा, मग स्थळ. आई म्हणायची, शाळा काय पळून चालली? नाना दोघींच्या मध्ये सापडले होते. शेवटी त्यांनी तोडगा काढला. देवळाईच्या पुढे एक नवी शाळा सुरू झाली होती, तिथून बोलावणं आलं होतं. "हा एक पाठ व्हऊ दे," नाना म्हणाले. "शाळा भेटली तं पाव्हण्यांना थांबा म्हणतो. नाय भेटली तं संध्याकाळी फोन करून हो म्हणतो. मंग कुणी काय बोलायचं नाय." बहिणीने मान हलवली. ती मान कशी हलली ते मला दिसलं.

ते दुष्काळाचे दिवस होते. आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि नेमकं त्याच सकाळी आलं. नाना आणि बहीण आदल्या दिवशीच एसटीने येऊन थांबले होते. नवरा पहिल्या पाळीला गेला होता. कंपनीत फोन फाटकावर ठेवून घ्यायचे, म्हणजे दुपारपर्यंत त्याचा आवाज नाही. जाण्याआधी त्याने आमची सोय मात्र केली होती. ती शाळा इतकी नवी होती की तिकडचे रिक्षावालेसुद्धा तीन दिशांना बोट दाखवायचे. म्हणून आदल्या रविवारी तो मोटारसायकलवर डबा खिशात घालून शाळेपर्यंत जाऊन आला आणि ती जागा बाईच्या डोक्यात साठवून ठेवली. मला फक्त झेंड्याच्या चित्रावर बोट ठेवायचं होतं.

सासूबाई आणि मी हंडे, बादल्या, पातेली, कुकरची भांडीसुद्धा भरत होतो. बहीण ओट्याशी उभी राहून तिचं पाठाचं साहित्य बांधत होती. विषय होता पाणी गाळणं. तळाला तोटी असलेल्या काचेच्या बरणीत खाली खडे, वर कोळसा, वर वाळू, आणि शिवाय प्लास्टिकच्या बाटलीत गढूळ पाणी. ते पाणी तिने घरून, वस्तीवरच्या विहिरीच्या तळातून आणलं होतं. नाना मोकळे होते. ते गाडीत जाऊन बसले. त्यांच्या हातात बाई होती.

निघायला उशीरच झाला. गाडी सुरू केली, बाई जागी झाली. पडद्यावरची अक्षरं मला गोल गोल, जिलबीसारखी दिसली, पण घाईत मला वाटलं, उन्हाने काहीतरी झालं असेल. झेंडा होता तिथेच होता. मी बोट ठेवलं. बाई उपग्रह शोधू लागली.

"एवढा येळ का लागतो हिला?" नानांनी विचारलं.

"आभाळात उपग्रह असतात, नाना. ढग असले की वेळ लागतो म्हणे."

"मंग तं लगेच घावायला पायजे. ढग कुठं हाय?"

तेवढ्यात बाई बोलली. "इन्नूरु मीटर नंतर, एडक्के तिरुगि."

मी ब्रेकच दाबला. मागच्या सीटवर बरणीतली वाळू सळसळली.

"काय म्हणाली?" बहीण म्हणाली.

"मीटर आणि नंतर एवढं कळलं," मी म्हणाले.

"येडके तिरकी हो, आसं काय तरी म्हणली," नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात आश्चर्यापेक्षा नाराजी जास्त होती. "ही आपल्यासारखं बोलंना की."

"आपल्यासारखं म्हणजे?"

मग सगळं बाहेर आलं. माझा दाएँ-डाव्याचा घोटाळा नानांना ठाऊक होता. आपण रिकामे बसलोय तर लेकीचं काम करून ठेवावं, म्हणून त्यांनी बोट फिरवत फिरवत भाषांची यादी शोधली. नाना सातवी शिकलेले. इंग्रजी अक्षरं जुळवून वाचतात. यादीत हिंदी होती, मराठी होती, आणि मराठीच्या वर त्यांना आपलं गाव दिसलं.

"कन्नड!" नाना म्हणाले. "म्हणलं मराठी आसंल पुण्याची. ही आपल्याकडची. एवढ्या मोठ्या यंत्रात आपलं कन्नड घातलंय म्हणल्यावर लावायचं नाय व्हय?"

"नाना, अहो ती कर्नाटकातली भाषा."

"शेवटाला एक ए जास्तीचा व्हता," नाना विचार करत म्हणाले. "पर इंग्रजीत जास्तीची अक्षरं आसत्यातच."

बहीण आधी हसली, मग तिने घड्याळ पाहिलं आणि हसायची थांबली. मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला पाठ होता. बाईला बंद करावं तर शाळा कुठे आहे ते फक्त तिलाच माहीत. भाषा बदलावी तर सगळा पडदा जिलब्यांनी भरलेला. मी अंदाजाने पुढे गेले, एका चौकात चुकले, फिरून त्याच चौकात आले. बाई शांतपणे तेच तेच सांगत राहिली. आमची आजी, नानांची आई, अशीच होती. न ओरडता दहा वेळा सांगायची.

"ताई," बहीण म्हणाली, "सूतगिरणी चौकाच्या अलीकडं ते उडप्याचं हॉटेल आहे ना, जिथून तू इडल्या नेतेस?"

हुशार ती आहेच.

हॉटेलवाल्या अण्णांना मी तोंडओळखीने ओळखत होते. गल्ल्यावर बसलेले असायचे, कपाळाला गंध, चष्मा डोक्यावर. मी बाईला काचेवरून उपटलं आणि वायरीसकट न्यायला लागले तर वायर पुरेना. मग अण्णाच गल्ला सोडून बाहेर आले. खिडकीत वाकले. बाईने तेवढ्यात एक वाक्य म्हटलं, आणि अण्णांचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

"अरे! काय शुद्ध बोलते! आमच्या शाळेतल्या मास्तरांसारखी!" मग आनंदाच्या भरात त्यांनी नानांनाच विचारलं, "निम्म ऊरु यावुदु?"

नाना माझ्याकडे पाहू लागले.

"तुमचं गाव हो, गाव. तुमचं गाव कुठलं?"

"कन्नड," नाना म्हणाले.

"कन्नड, ते कळलं. ती कन्नडच बोलते. गाव कुठलं?"

"गाव कन्नड."

"भाषा कन्नड. गाव?"

"आवो, भाषा मराठी. गाव कन्नड."

"मग ही कन्नड का बोलते?"

"तेच तं सांगतोय! गाव कन्नड म्हणून!"

दोघंही एकमेकांकडे दयेने बघत होते. बहिणीने मध्ये पडून दोन वाक्यांत सगळं समजावलं, तेव्हा अण्णा इतके हसले की आतून वेटर बघायला आला. त्याच्या हातात ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास होते, निम्मेच भरलेले. दुष्काळात सगळीच हॉटेलं तसं करायची. अण्णांच्या भिंतीवर पाटीही होती, 'निम्मा ग्लास मिळेल, लागल्यास पुन्हा मागा'. नानांनी ती मोठ्याने वाचली. ग्लास एका घोटात संपवला आणि पुन्हा मागायला संकोचून मागच्या सीटवरची बाटली उचलली.

"नाना!" बहीण ओरडली. "ते पाठाचं पाणी आहे!"

नानांनी बाटली डोळ्यांसमोर धरली. "मला वाटलं चहा हाय," म्हणाले.

अण्णांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पडद्यावर बोट फिरवलं. भाषा बदलायची जागा त्यांना लगेच सापडली. पण मग ते थांबले. "मॅडम, हे विचारतंय, चालू असलेला मार्ग पुसू का?"

"पुसू नका!" आम्ही तिघंही एकदम ओरडलो.

आज मला माहीत आहे की नुसता मार्ग पुसला गेला असता, झेंडा तसाच राहिला असता. तेव्हा वाटलं, शाळाच पुसली जाईल. मी अण्णांना म्हणाले, "भाषा राहू द्या तशीच. तुम्ही आम्हालाच शिकवा."

अण्णांनी रस्त्यात उभं राहून शिकवणी घेतली. एडक्के म्हणजे डावीकडे. बलक्के म्हणजे उजवीकडे. नेरवागि म्हणजे सरळ. "बस, एवढ्यात तुम्ही बेंगळूरपर्यंत जाल." बहिणीने विचारलं, पोहोचल्यावर ती काय म्हणेल? पण आतून कुणीतरी सांबारासाठी हाका मारत होतं. "पोहोचल्यावर डोळ्यांना दिसेल की!" असं म्हणत अण्णा आत पळाले.

शिवाजीनगरच्या रेल्वेफाटकाला आम्ही नेहमीप्रमाणे अडकलो. तिथे आमचा अभ्यास पक्का झाला. नानांनी त्यांची स्वतःची युक्ती काढली. "येडक्के म्हणजे येड्याचा हात, डावा. बलक्के म्हणजे बळाचा हात. जेवायचा. उजवा."

"नेरवागि?" बहिणीने मागून विचारलं. तिच्यातली शिक्षिका जागी झाली होती.

"नीट वाग. म्हणजे सरळ."

शेजारच्या गाडीतला माणूस काच खाली करून आमच्याकडे बघत होता. मला मात्र पहिल्यांदाच बाई मनापासून आवडली. एडक्के म्हटलं की माझा हात बरोबर डावीकडे जायचा. दाएँ आणि डाव्याची भानगडच उरली नव्हती.

फाटकापलीकडे बायपास, आणि बायपासच्या पलीकडे नवं शहर. सगळीकडे अर्ध्या इमारती, सळया, प्लॉट विकणे आहे अशा पाट्या. गल्ल्या सगळ्या सारख्या. बाईच्या पडद्यावर काही ठिकाणी रस्ताच नव्हता. आमचा बाण पांढऱ्या मोकळ्या जागेतून चालला होता.

"शेतातून चाललो आपण," मी म्हणाले.

"बरोबर दावती ती," नाना म्हणाले. "इथं शेतच व्हतं. एका वऱ्हाडाला घेऊन आलो व्हतो मी, तवा इथं बाजरी उभी व्हती. छातीएवढी."

तरीही पुढच्या वळणाला बाई बरोबर बलक्के म्हणाली, मी जेवायच्या हाताला वळले, आणि समोर एक लांबच लांब कुंपणाची भिंत लागली. बिनरंगाची. पाटी नाही, फाटक नाही. भिंतीच्या मध्यावर आलो तेव्हा बाई एक नवंच वाक्य बोलली.

"नीवु निम्म स्थळवन्नु तलुपिद्दीरि."

मी गाडी हळू केली.

"निम्मं म्हणली," नाना म्हणाले.

"मीही निम्मंच ऐकलं."

"म्हणजे निम्म्यात आलो. अजून निम्मं राह्यलं." मग नाना थबकले. "ताई, पर ही स्थळ बी म्हणली का गं?"

म्हणाली होती. मला स्पष्ट ऐकू आलं होतं.

"हिला कुणी सांगितलं स्थळाचं?" नाना बाईकडे संशयाने बघत होते. मी आरशातून मागे पाहिलं. बहीण खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते. मी वेग वाढवला. निम्मं उरलंय म्हणजे घाई करायला हवी होती.

त्यानंतर बाई बोलेना. एक वळण आलं, गप्प. दोन रस्ते फुटले, गप्प. मी नेरवागि जात राहिले. इमारती संपल्या, डांबर संपलं, आणि एका खड्ड्यात गाडी अशी आदळली की मागे बहिणीचा "आई गं" ऐकू आला. बाटलीचं झाकण उडालं होतं. वस्तीवरच्या विहिरीचं ते पाणी तिच्या साडीच्या निऱ्यांवर आणि सीटवर सांडून गेलं होतं. बरणी तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती, ती वाचली.

रस्ता एका विहिरीपाशी संपला. तिथे टँकर भरत होते. मोटर चालू होती, दोन टँकर रांगेत. शाळेचं कुठे नाव नाही.

मी इंजिन बंद केलं. नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी हात लावायला नको व्हता त्या यादीला," ते हळूच म्हणाले. बहीण निऱ्या पिळत होती. मला संध्याकाळचा तो फोन डोळ्यांसमोर दिसत होता, नाना हो म्हणताहेत आणि ही मान हलवतेय. त्या मुलाने हिचं काही वाईट केलं नसतं. पण ती बरणी माळ्यावर गेली असती.

एकाएकी बहिणीने निऱ्या सोडल्या.

"ताई, अण्णांनी नानांना पहिलं काय विचारलं?"

"गाव विचारलं."

"कसं विचारलं? कन्नडमध्ये?"

"निम्म ऊरु... असंच काहीतरी."

"निम्म ऊरु. आणि मग मराठीत म्हणाले, तुमचं गाव." ती पुढे सरकून दोन्ही सीटच्या मध्ये आली. "ऊरु म्हणजे गाव. निम्म म्हणजे निम्मं नाही, ताई. निम्म म्हणजे तुमचं! ती म्हणाली, तुमचं स्थळ. तुमचं ठिकाण! आपण पोहोचलो होतो!"

"त्या भितीपाशी?" नाना म्हणाले.

"त्या भिंतीपाशीच!"

मी चावी फिरवली, पण बहीण दार उघडून खाली उतरलीसुद्धा. बाटली घेऊन ती सरळ टँकरपाशी गेली. त्याच्या तोटीतून गळणाऱ्या पाण्याचं खाली तांबडं डबकं झालं होतं.

"ताई, पाणी पायजे का?" टँकरचा ड्रायव्हर वरून म्हणाला. "थांबा, वरचं देतो. ते खालचं गाळ हाय."

"मला गाळच पाहिजे."

"गाळ?"

"शाळेसाठी."

"शाळेला तं मी आत्ता चांगलं पाणी टाकून आलो," ड्रायव्हर नानांना म्हणाला, "तरी बाई गाळ मागती."

"शिकल्याली हाय," नाना म्हणाले.

परतताना बाई अवाक्षर बोलली नाही. तिचं काम तिने मघाशीच केलं होतं. भिंतीला वळसा घातला तर पलीकडच्या अंगाला फाटक, फाटकावर पाटी, पाटीला अजून झेंडूची माळ. नवरा मोटारसायकलवर मागच्या बाजूने आला असणार आणि तिथेच उभं राहून त्याने जागा साठवली असणार. बहीण ओल्या निऱ्यांनिशी आत पळाली. नाना आणि मी फाटकापाशी बसून राहिलो. मी गाडीच्या चालकाच्या जागेवर, ते पुढच्या सीटवर. ते तिथे एकटेच बसलेले बघून मला आमची जीप आठवली, आणि मी उगाच मागे वळून बघितलं, मागे कुणी लटकलेलं नाही ना.

पाठ कसा झाला ते बहिणीने नंतर सांगितलं, आणि अजूनही सांगते. आत गेल्यावर ती आधी क्षमा मागणार होती, पण मुलांनी तिच्या हातातली बाटली पाहिली आणि पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी असंच येतं." मग दुसरा म्हणाला, आमच्या घरी याच्याहून लाल येतं. कोण टँकरचं म्हणालं, कोण बोअरचं. वर्गात भांडणच लागलं, कुणाचं पाणी जास्त गढूळ. तिने ठरवून आणलेली सुरुवात कुठल्या कुठे गेली. तिने एकेकाला उठवून पाणी ओतायला लावलं. वाळूतून, कोळशातून, खड्यांतून जेव्हा खाली पहिला स्वच्छ थेंब पडला, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मागच्या बाकावर बसलेल्या मुख्याध्यापिका उठून पुढे आल्या, त्यांनाही बघायचं होतं. "हे प्यायचं नाही हं, अजून उकळायचं आहे," असं बहिणीने मुलांना सांगितलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, त्यांना तेच वाक्य ऐकायचं होतं. आधीच्या उमेदवाराने गाळलेलं पाणी पिऊन दाखवलं होतं म्हणे.

ती बाहेर आली तेव्हा चालत येत होती. त्यावरून आम्हाला काही कळेना. गाडीत बसली, बरणी मांडीवर घेतली.

"काय म्हणले?" नानांनी विचारलं.

"सोमवारपासून या म्हणाल्या."

नानांनी टोपी घातली.

"पण सध्या अर्धा दिवस," ती म्हणाली. "सकाळचेच वर्ग. जूनपासून पूर्ण वेळ."

"म्हणजे निम्मी नोकरी?"

"निम्मी."

नाना सावकाश वळले आणि काचेवरच्या डब्याकडे त्यांनी आदराने पाहिलं. "अगं मंग बाई खोटं कुठं बोलली! तिनं तं निम्मं बी सांगितलं व्हतं आन् स्थळ बी."

हसता हसता माझ्याकडून गाडी दोनदा बंद पडली.

येताना आम्ही अण्णांकडे थांबलो. भाषा बदलून घ्यायची होती आणि भूकही लागली होती. अण्णांनी बाईला मराठी केली. ती म्हणाली, "कृपया पुढे डावीकडे वळा." नानांनी तोंड वाकडं केलं. "लई गोड बोलती. हिचा भरवसा नाय." पुढे कितीतरी महिने, म्हणजे रबरी बूड पार सैल पडून बाई कपाटात जाईपर्यंत, नाना आले की विचारायचे, ती आपल्याकडची कुठं गेली?

पण त्या दिवशी अण्णांकडे डोसे येईस्तोवर नानांनी आधी फोन लावला. बहिणीने ग्लास हातात धरून ठेवला होता, पीत नव्हती.

"राम राम पाव्हणं," नाना मोठ्याने म्हणाले; फोनवर त्यांना नेहमीच जीपच्या इंजिनावरून बोलायची सवय. "हां, तेच सांगायला फोन केला. थांबा म्हणतो तुम्हाला... नाय नाय, नाराजी कसली. पोरगं चांगलंच हाय तुमचं. पर आमच्या धाकलीला तिचं स्थळ घावलं."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. नानांनी बहिणीकडे पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"नाय वो. लग्नाचं नाय. शाळा."